हात दाखवला, गाडी गेली: टवी नदीच्या मुखावरून एक खुलं पत्र

प्रति,
वेल्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या गाड्या कुठे, कधी आणि कुणासाठी थांबाव्यात हे ठरवणाऱ्या कार्डिफ आणि लंडनमधल्या अधिकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरातली सकाळ होती. साडेसहा वाजून गेले होते, तरी उजाडायला अजून बराच अवकाश होता. टवीच्या मुखावर पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो, त्यामुळे आमच्या गावात छत्री कुणी फारशी वापरत नाही. फेरीसाइडच्या फलाटावर आम्ही तिघं उभे होतो. स्वान्सीत शाळेवर शिकवणारे एक गृहस्थ, लॅनेलीत दुकानात काम करणारी एक मुलगी आणि मी. कारमार्थेनच्या बाजूने गाडीचे दिवे दिसले तसे तिघांनीही हात वर केले. मी दुसऱ्या हाताने मोबाइलचा दिवा हलवत होते. गाडीचा वेग कमी झाल्यासारखा वाटला म्हणून मी पिशवी उचलली. गाडी गेली. शेवटच्या डब्यात एक माणूस कागदी पेल्यातून कॉफी पीत बसलेला दिसला, तेवढाच त्या गाडीशी आमचा संबंध.

तक्रार केली. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं: चालकाला फलाटावर कुणी दिसलं नाही, प्रवाशांनी स्पष्ट दिसेल असं उभं राहावं व हाताने ठळक खूण करावी. खाली दिलगिरी, त्याखाली समाधानाची पाहणी, पाच तारे द्यायची सोय असलेली.

या पत्राची इंग्रजी प्रत तुम्हाला आधीच पाठवली आहे. वेल्श प्रत शेजारच्या बाईंनी करून दिली, कारण माझी वेल्श अजून बाजारहाट आणि हवापाणी यापलीकडे गेलेली नाही. तिसरी प्रत मराठीत लिहितेय, ती माझ्या माणसांसाठी. तुमचं उत्तर मी आईला फोनवर वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "अगो, आपल्याकडे एसटीवर लिहिलेलं असायचं, हात दाखवा एसटी थांबवा. ती थांबायची तरी!" आई वाघोटन खाडीच्या काठी राहते. एसटीबद्दल चांगलं बोलताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. फेरीसाइड, वेल्शमध्ये ग्लान-अ-फेरी, हे कारमार्थेन आणि किडवेली यांच्या मधलं छोटं गाव. समोर खाडीच्या पलीकडच्या टेकडीवर लान्स्टेफनचा बाराव्या शतकातला किल्ला. आमचं स्टेशन 'विनंती थांबा' आहे. म्हणजे चढायचं असेल तर फलाटावरून चालकाला हात करायचा, उतरायचं असेल तर गाडीतल्या गार्डला आधी सांगून ठेवायचं. दोन्ही नसेल तर गाडी न थांबता पुढे जाते. एक गाडी चुकली की पुढची यायला तास जातो, कधी दोन. स्टेशनात माणूस नाही. उन्हाळ्यात सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना ही पद्धत फार गोड वाटते, ते हात करतानाचे फोटो काढतात. त्यांचा राग नाही. नऊ वर्षांपूर्वी मीही काढला होता.

मी स्वान्सीतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळची पाळी धरायची तर पहिली गाडी मिळायलाच हवी. मी पोचेपर्यंत रात्रपाळीचा माणूस घरी जाऊ शकत नाही, त्यालाही मूल शाळेत सोडायचं असतं. गाडी नाही थांबली की मी एकटी उशिरा पोचते असं होत नाही, उशीर माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना वाटला जातो. "मग मोटार घ्या," असं मला तुमच्या मदत-क्रमांकावर एका सद्गृहस्थांनी सुचवलं. मोटार आहे आमच्याकडे, एक. ती नवरा उलट्या दिशेला घेऊन जातो, जिथे रेल्वे 1965 पासून नाही. कारमार्थेनहून उत्तरेला अबेरिस्टविथकडे जाणारा मार्ग त्या वर्षी प्रवाशांसाठी बंद झाला. ज्या काळात वेल्समधले कितीतरी मार्ग उखडले गेले, त्या काळातून आमचा मार्ग वाचला, ही पुण्याई मानून आम्ही इथे घर घेतलं.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. तुमच्या पत्रव्यवहारात आमच्या थांब्याचा उल्लेख कायम 'सुविधा' म्हणून होतो. मला तो शब्द मान्य नाही.

दक्षिण वेल्सची रेल्वे स्वान्सीहून कारमार्थेनला पोचली 1852 च्या ऑक्टोबरात. अभियंता होते ब्रुनेल, रूळ त्यांच्या आवडत्या सात फुटी रुंदीचे. डोंगर टाळून सपाट वाट हवी म्हणून मार्ग काठाकाठाने नेला, तो थेट गाव आणि पाणी यांच्या मधून. आजही आमच्या गावातून वाळूवर जायचं तर रूळ ओलांडावे लागतात. फाटक बंद असलं की समोर समुद्र दिसतो आणि आपण उभे. ज्या गावाचं पोट होडीवर, मासळीवर आणि ओहोटीला वाळूत मिळणाऱ्या कॉकलवर होतं (कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांची गुबगुबीत भावंडं), त्या गावाने आपला किनारा रेल्वेला दिला. बदल्यात स्टेशन मिळालं. त्या स्टेशनामुळे खाणींच्या दऱ्यांमधली कुटुंबं सुट्टीला इथे येऊ लागली, घरं वाढली, आणि पुढे आमच्यासारखे रोज ये-जा करणारे आले. कुठे स्टँपपेपरवर करार झाला असं मी म्हणत नाही. पण फाटकाशी पाच मिनिटं उभं राहिलं की सौदा काय झाला होता ते कुणालाही समजतं. किनारा अजून तुमच्याकडेच आहे. थांबा मात्र आता विनंतीवर!

हा सौदा मला चटकन कळतो, कारण मी अशाच एका सौद्यातून आलेली आहे. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 च्या जानेवारीत, तेव्हा मी शाळेत होते. आमच्याकडच्या लोकांनी कलमं असलेल्या जमिनी दिल्या, कारण मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या माणसांवर विश्वास होता आणि मुंबईची रात्रभराची एसटी सगळ्यांच्या कमरेला ठाऊक होती. मग कळलं की बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्या डोळ्यांसमोरून सरळ केरळला जाणार. 'थांबा मिळावा' हे तेव्हापासून कोकणातलं कायमचं मागणं आहे. एखाद्या गाडीला थांबा मिळाला की पुढारी हार घेऊन फलाटावर हजर असतात, इंजिनाला नारळ फोडतात. इकडे उलटी तऱ्हा. थांबा वेळापत्रकात छापलेला आहे आणि गाडी थांबत नाही. नारळ कुठे फोडायचा, सांगा.

आमच्या तक्रारी क्रमाने मांडते. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली, अंधार. डिसेंबरात इथे सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारनंतर थोड्याच वेळात मावळतो. म्हणजे नोकरीवर जाणारा माणूस जातानाही अंधारात हात करतो आणि परततानाही अंधारातून येतो. हात दाखवून गाडी थांबवायची रीत दिवसाउजेडी ठीक आहे. वळणावरून पावसात येणाऱ्या गाडीच्या चालकाने काळ्या जॅकेटातली तीन माणसं टिपावीत आणि न टिपल्यास दोष त्या तिघांचा, हा हिशोब चालकावरही अन्याय करणारा आहे. मी त्या सकाळच्या चालकाला दोष देत नाही. त्याला कदाचित खरंच दिसलं नसेल.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे जाणाऱ्या मार्गावर यावर उपाय निघालेला आहे. 2022 पासून तिथल्या विनंती थांब्यांवर एक खांब बसवला गेला. प्रवाशाने बटण दाबलं की निरोप थेट चालकाच्या डब्यात पोचतो. तिथे आमच्यापेक्षाही कमी माणसं चढतात. मेंढ्या जास्त आहेत, असं तिकडचेच लोक म्हणतात.

दुसरी, उतरणं. संध्याकाळी स्वान्सीहून निघालेल्या गाडीत लॅनेलीपर्यंत उभं राहायला जागा नसते. गार्ड एका टोकाला, मी दुसऱ्या. किडवेली येईपर्यंत त्याच्यापर्यंत पोचता आलं तर ठीक, नाही तर गाडी थेट कारमार्थेन. गेल्या हिवाळ्यात माझं असं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी परतीची गाडी नव्हती, टॅक्सीला 30 पौंड गेले. खिडकीतून मला माझ्या घराचा दिवा दिसला होता. स्वयंपाकघरात मुलगा उभा असावा. मी हातही केला, सवयीने.

तिसरी तक्रार मोजणीची आहे. ती कोरडी आहे, पण बाकी सगळं दुखणं तिच्यातून येतं. कुठल्या स्टेशनात किती माणसं चढली-उतरली याचे आकडे दर वर्षी जाहीर होतात. ते अंदाज असतात आणि मुख्यतः तिकीटविक्रीवरून बांधलेले असतात. आता आमच्याकडचं पाहा. बरेच जण तिकीट गाडीत काढतात. गर्दीत गार्ड पोचलाच नाही तर ते काढलंच जात नाही, आणि तो प्रवासी तुमच्या वहीत जन्माला येत नाही. शिवाय दोन-तीनदा गाडी चुकलेला माणूस काय करतो? मोटारीने कारमार्थेनला किंवा लॅनेलीला जातो आणि तिथून गाडी धरतो. तो प्रवासी आमचा, मोजला जातो त्यांच्या नावावर. मग तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, फेरीसाइडला मागणी कमी आहे, अमुक गाडी तिथे न थांबवता नेली तर दोन मिनिटं वाचतील. गाडी कमी थांबते म्हणून माणसं कमी येतात, आणि माणसं कमी येतात म्हणून गाडी अजून कमी थांबते. विहिरीवरचा रहाट काढून टाकायचा आणि मग म्हणायचं, या विहिरीवर पाण्याला कुणी येतच नाही.

चौथी, माझ्या शेजारच्या आजींची. त्यांचं वय 84. मोटार चालवणं त्यांनी डोळ्यांमुळे सोडलं. त्यांचा कारमार्थेनचा दवाखाना महिन्यातून दोनदा असतो. खांदा दुखतो म्हणून त्यांना हात नीट वर करता येत नाही. मी घरी असले तर त्यांच्यासाठी गाडीला हात करायला जाते. 84 वर्षांच्या बाईला डॉक्टरकडे जायला शेजारणीचा खांदा उधार घ्यावा लागतो, याची नोंद तुमच्या कुठल्या रकान्यात होते?

या आजी लहानपणी होडीने समोर लान्स्टेफनला जायच्या. शतकानुशतकं चाललेली ती 'तर', म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी (आमच्या खाडीवरही तिला 'तर'च म्हणत), 1950 च्या दशकात बंद पडली. मग समोर दिसणाऱ्या गावाला जायचं तर कारमार्थेनला वळसा घालून पंचवीस-तीस किलोमीटरचा फेरा. ज्या गावाच्या नावातच 'फेरी' म्हणजे तर आहे, त्या गावाला साठेक वर्षं 'तर' नव्हती. 2018 मध्ये ती परत सुरू झाली. नवी होडी चाकांची, वाळूवर चढून येणारी. आजी म्हणाल्या, होडीला परत यायला साठ वर्षं लागली, रेल्वेची वाट बघायला माझ्याकडे तेवढी नाहीत. मला त्यांच्या बोलण्याचा अनुवाद नीट जमत नाही, वेल्शमध्ये ते जास्त कोरडं आणि जास्त हसरं वाटतं.

भाषेचं निघालंच आहे तर तेही. कारमार्थेनशायरमध्ये वेल्श बोलणाऱ्यांचं प्रमाण 2011 च्या जनगणनेत 43.9 टक्के होतं, 2021 मध्ये 39.9 झालं. वेल्सच्या सरकारला 2050 पर्यंत दहा लाख वेल्शभाषक हवे आहेत. स्टेशनातली पाटी वेल्शमध्ये आहे, गाडीतल्या सूचना आधी वेल्शमध्ये होतात, रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'आराव' म्हणजे 'हळू' असं रंगवलेलं असतं. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण लॅनेलीच्या दुकानात काम करणाऱ्या त्या मुलीने, जिची घरची भाषा वेल्श आहे, आता स्वान्सीत खोली बघायला सुरुवात केली आहे. मालकाने तिला उशिराबद्दल दुसरी ताकीद दिली. ती गेली की गावातून वेल्श बोलणारं एक तरुण माणूस कमी होईल, आणि तिच्या घरात सुट्टीपुरतं येणारं कुणी राहील. कोकणातल्या बंद घरांच्या ओळी पाहून आलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पैशांबद्दल मी थोडंच बोलते, त्यात मला गती नाही. एवढं मात्र इथल्या प्रत्येकाला पाठ आहे की लंडन ते बर्मिंगहॅम अतिवेगवान रेल्वे 'इंग्लंड आणि वेल्स'चा प्रकल्प म्हणून नोंदवली गेली, तिचा एक गजही रूळ वेल्समध्ये नसताना. म्हणजे तिचा लाभ वेल्सला मिळतोच असं धरलं गेलं, त्यामुळे स्कॉटलंडला त्या खर्चाच्या प्रमाणात वाटा मिळाला, वेल्सला नाही. कार्डिफपासून स्वान्सीपर्यंत विजेची गाडी आणायचं ठरलं होतं, ते 2017 मध्ये रद्द झालं. आम्ही वीज मागत नाही. बटण असलेला एक खांब मागतो.

तर मागण्या अशा.

सकाळी नोकरीला जाणाऱ्यांच्या पहिल्या दोन गाड्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या दोन गाड्या ऑक्टोबर ते मार्च फेरीसाइडला विनाविनंती थांबाव्यात. मार्गावरच्या ज्या इतर छोट्या स्टेशनांची हीच अडचण आहे, त्यांनाही हे लागू व्हावं.

फलाटावर स्कॉटलंडसारखं बटण बसवावं, आजींच्या खांद्याला पोचेल अशा उंचीवर. गाडीच्या प्रत्येक डब्यातून गार्डला उतरण्याची सूचना देता येईल अशी काही सोय करावी.

प्रवासी उभा असताना गाडी पुढे निघून गेली, किंवा सांगायची संधीच न मिळाल्याने उतरायचा माणूस पुढे नेला गेला, तर टॅक्सी रेल्वेने द्यावी. अशा प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवून ती दर महिन्याला जाहीर करावी. मागे मी ही माहिती मागितली, तेव्हा 'अशी स्वतंत्र वर्गवारी ठेवली जात नाही' असं उत्तर आलं. ठेवा.

थांबे कमी करण्याचा विचार करण्याआधी दोन आठवडे माणूस बसवून डोकी मोजा. चहा आम्ही देऊ. मोजणी जानेवारीत करा, ऑगस्टात नको.

आणि शेवटची. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मे आणि डिसेंबरात. पुढच्या बदलाआधी गावात येऊन एक बैठक घ्या. वेल्समध्ये 2015 पासून भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा आहे, आणि निर्णयाचा परिणाम ज्यांच्यावर होतो त्यांना त्या निर्णयात सामील करून घ्या, असं तो सार्वजनिक संस्थांना सांगतो. असा कायदा केल्याचा अभिमान कार्डिफमध्ये भाषणांतून ऐकायला मिळतो, आणि तो रास्तच आहे. तो आमच्या समाजमंदिरातही एकदा ऐकायला आवडेल. बैठक संध्याकाळी सातला ठेवा, म्हणजे कामावरून परतलेले लोक येऊ शकतील. तुम्ही मात्र रेल्वेनेच या.

येताना किडवेली सोडण्याआधी गार्डला सांगायला विसरू नका. परतीच्या वेळी अंधार झालेला असेल, तेव्हा फलाटाच्या कारमार्थेनकडच्या टोकाला उभे राहा, तिथला दिवा चालू असतो. मी टॉर्च घेऊन येईन. नवा घेतला आहे, पिवळा, मासेमारीच्या होडीवर वापरतात तसला. गेल्या सोमवारपासून रोज सकाळी तोच हलवतेय. सहा दिवसांत पाच गाड्या थांबल्या.

आपली,
फेरीसाइडच्या फलाटावरची एक रोजची प्रवासी